अळ्यांचा डबा

पाहुणे म्हणून एखाद्या घरी गेल्यावर त्या घरच्या चालीरीतींत तोंड घालू नये, हा शहाणपणाचा नियम आम्हांस ठाऊक आहे. परंतु घर लेकीचे असले म्हणजे तो पाळला जात नाही. आमचेही तसेच झाले. जे झाले त्यात आमचा दोष मोठा होता, आणि तो झाकून ठेवण्यापेक्षा चार कुटुंबांत सांगितलेला बरा, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

मार्च २०२४ मध्ये आम्ही उभयता आमच्या थोरल्या कन्येकडे, इंग्लंडातील रेडिंग या शहरी, राहावयास गेलो. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे ठेवण्यास दूध हवे म्हणून आमच्या कुटुंबाने फ्रीज उघडला. दारातील वरच्या कप्प्यात लोण्याशेजारी एक चपटा प्लास्टिकचा डबा होता, आणि त्याच्या झाकणास बारीक भोके पाडलेली होती. आत कोंडा दिसत होता. पोरीने येथे काही पथ्याचे खाणे सुरू केले असावे, अशा समजुतीने तिने झाकण काढून बोटाने तो कोंडा चाचपला. पाहते तो त्यातून पिवळसर, गुळगुळीत, बोटाच्या दोन पेरांएवढ्या लांब अळ्या सावकाश वळवळू लागल्या!

त्यानंतरचा प्रसंग वर्णन करण्यासारखा नाही. लेक धावत आली आणि म्हणाली, "आई, घाबरू नकोस. त्या खराब झालेल्या पिठातल्या नाहीत. मुद्दाम विकत आणल्या आहेत." या खुलाशाने आईचे समाधान होण्याऐवजी संकट दुणावले. पिठात चुकून अळी निघाली तर ती गृहिणीची गफलत. पण पैसे मोजून अळ्या आणावयाच्या आणि दुधाशेजारी ठेवावयाच्या, ही गोष्ट तिच्या चाळीस वर्षांच्या संसारात बसणारी नव्हती. "अहो, तुम्ही तरी काही बोला," असे म्हणून तिने आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही बोललो. डबा फ्रीजमधून निघाल्यावाचून या घरात नैवेद्य होणार नाही, असा निर्णय आम्ही दिला. बिचारी लेक काही बोलली नाही. तिने डबा उचलला आणि बागेच्या टोकास असलेल्या लाकडी खोपटात, फावडी-कुदळी ठेवतात तेथे, नेऊन ठेवला.

आता हा जीव कोण, हे वाचकांस सांगितले पाहिजे. इंग्रजीत यास 'मीलवर्म' म्हणतात, म्हणजे पिठातला किडा. परंतु तो कृमी नव्हे. काळसर रंगाच्या एका भुंग्याची ती बाल्यावस्था होय. शास्त्रज्ञ त्यास 'टेनेब्रिओ मॉलिटर' म्हणतात. मादी कोंड्यात शेकडो अंडी घालते. आठ-पंधरा दिवसांत त्यांतून सुतासारखी बारीक अळी निघते. ती अनेकदा कात टाकीत सुमारे अडीच-तीन महिन्यांत इंचभर होते. पुढे तिचा पांढुरका कोश बनतो आणि दोन-तीन आठवड्यांनी त्यांतून भुंगा बाहेर येतो. आपल्याकडे गव्हाच्या पिठात जो बारीक तांबडा किडा होतो तो याच कुळातील धाकटा भाऊबंद. ज्याच्याविरुद्ध आपल्या आज्या-पणज्यांनी धान्यास ऊन दाखविले, कडुलिंबाचा पाला घातला, डाळींस एरंडेलाचे बोट लावले, चाळण्या झिजविल्या, त्याच कुळातील जीवास इंग्रज गृहस्थ कोंडा आणि गाजर घालून सांभाळतो, हे पाहून आम्हांस प्रथम हसू आले.

हा सारा खटाटोप रॉबिन नावाच्या पक्ष्यासाठी. चिमणीएवढा हा पाखरू. पाठ तपकिरी, आणि मुखापासून छातीपर्यंत नारिंगी-तांबूस रंग. २०१५ मध्ये त्या देशात राष्ट्रीय पक्षी कोणता असावा याविषयी लोकांचा कौल घेण्यात आला, तेव्हा पहिला मान यासच मिळाला. माणसाविषयी याची भीड फार लवकर मोडते. कोणी माती खणू लागला की हा हातभर अंतरावर येऊन उभा राहतो, कारण उकरलेल्या मातीतून किडे निघतात. आमच्या लेकीच्या बागेत आयव्हीच्या वेलात याच्या एका जोडप्याने घरटे बांधले होते. आमचा नऊ वर्षांचा नातू रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी एका खोलगट, गुळगुळीत बशीत दहा-बारा अळ्या ठेवी. बशीच्या काठांवर अळीस चढता येत नाही. तो चार पावले मागे सरला की रॉबिन येई, एकेक अळी चोचीत आडवी धरी आणि वेलीत नाहीसा होई.

हे खूळ आजकालचे नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री असलेले सर एडवर्ड ग्रे यांस पक्ष्यांचे अतिशय वेड होते. या अळ्या हातावर ठेवून त्यांनी रॉबिनांस माणसाळविले, आणि ती हकीकत त्यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पक्ष्यांवरील पुस्तकात लिहिली आहे. उतारवयात त्यांची दृष्टी मंदावली होती. डोळ्यांना नीट न दिसणाऱ्या त्या वृद्ध मुत्सद्द्याच्या तळहातावर पाखरू येऊन बसत असेल तेव्हा त्यास काय वाटत असेल, हा विचार आमच्या मनात अनेकदा आला.

तथापि मनात येणे निराळे आणि मान्य करणे निराळे. आम्ही पाठशाळेत वाढलेले. जन्मात मुंगीवर जाणूनबुजून पाय दिला नाही. एका जिवाच्या मुखी दुसरा जीव हाताने घालणे ही आम्हांस हिंसाच वाटे. नातवाचे मन वळवावे म्हणून एका संध्याकाळी आम्ही त्यास शिबी राजाची गोष्ट सांगितली. ससाण्यापासून कपोतास वाचविण्यासाठी राजाने स्वतःच्या मांडीचे मांस कापून तराजूत घातले, हे ऐकून तो गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, म्हणजे ससाण्यालाही भूक लागली होती, हे राजाला पटलं होतं ना?" छत्तीस वर्षे मुलांस संस्कृत शिकविले, हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही स्वतःस विचारला नव्हता. "तू आपले काम कर, आमचा हात त्यास लागणार नाही," एवढे बोलून आम्ही विषय संपविला. निरुत्तर झालेला मास्तर बहुधा असाच संपवितो.

मे महिन्याच्या अखेरीस शाळांना आठवडाभर सुटी असते. लेक, जावई आणि नातू वेल्सच्या समुद्रकाठी गेले; आम्ही प्रवासास कंटाळून घरीच राहिलो. निघताना नातवाने आमच्या हाती एक कागद दिला. त्यावर वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत लिहिले होते: रोज झाकण उघडून बघणे, गाजराची पातळ चकती ठेवणे, जुनी चकती काढणे, काळ्या झालेल्या अळ्या काढून टाकणे, बशीत दहा ठेवणे. रॉबिनची दुसरी वीण होती आणि वेलीत पिले चिवचिवत होती. "आजोबा, कराल ना?" त्याने विचारले. आम्ही मान हालविली. ती होकाराची होती की टोलवाटोलवीची, हे आम्हांसच ठाऊक होते.

पहिल्या दिवशी आम्ही खोपटात गेलो, झाकण अर्धवट उचलले, गाजर सापडले नाही म्हणून काकडीचा एक जाड तुकडा आत टाकला आणि झाकण लावले. त्यातून एखादी अळी बाहेर पडून घरात शिरेल, या भीतीने आमच्या कुटुंबाने त्या झाकणावर एक फरशी ठेवली. भोके बुजली, हे तिच्या ध्यानात आले नाही आणि आम्ही पाहिले नाही. पुढे तीन दिवस ऊन चांगले पडले. इंग्लंडात ऊन पडले की सर्वांस आनंद होतो. आम्हीही बागेत खुर्ची टाकून गीतेचा अध्याय वाचीत बसलो. रॉबिन रोज सकाळी येऊन रिकाम्या बशीच्या काठावर बसे, मान वाकडी करून पाही आणि उडून जाई. आपण कोणाचा जीव घेतला नाही, या समाधानात आम्ही पान उलटीत होतो.

चवथ्या दिवशी खोपटाच्या दारापाशी दुर्गंधी आली. फरशी काढून झाकण उघडले. काकडी सडून पाणी सुटले होते. कोंड्याचा चिखल झाला होता व त्यावर राखी रंगाची बुरशी चढली होती. आणि तीन-चारशे अळ्या काळ्या पडून एकमेकींस चिकटून मेल्या होत्या. कित्येक काठाशी गोळा झालेल्या दिसल्या. जेथून वारा येत असे तेथे त्या सरकल्या असाव्यात.

वाचकहो, त्या क्षणी आमच्या ज्ञानाचे काय झाले ते सांगतो. महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण. त्याच्या अंगावर झाडावरच्या बगळीने घाण टाकली म्हणून त्याने तिच्याकडे रागाने पाहिले आणि ती मरून पडली. त्याच ब्राह्मणास पुढे मिथिलेत मांस विकणाऱ्या एका व्याधाकडून धर्म शिकावा लागला. व्याध त्यास सांगतो की नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव मरतात, धान्याचे बीही सजीव आहे, आणि या जगात हिंसेपासून सर्वस्वी अलिप्त असा कोणी नाही. ही कथा आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. परंतु सांगताना आम्ही स्वतःस नेहमी व्याधाच्या बाजूस, उपदेश करणाराच्या जागी, उभे करीत आलो. आपण कौशिकाच्या जागी आहोत, हे कळावयास तो डबा उघडावा लागला.

त्या अळ्या रॉबिनने खाल्ल्या असत्या तर एका क्षणात मेल्या असत्या आणि चार पिलांच्या अंगी लागल्या असत्या. आमच्या 'अहिंसे'ने त्या तीन दिवस गुदमरून मेल्या, आणि कोणाच्याही उपयोगी पडल्या नाहीत. धर्मशास्त्रात 'निक्षेप' म्हणून एक व्यवहारपद आहे: दुसऱ्याने विश्वासाने ठेवावयास दिलेली वस्तू जशीच्या तशी परत करणे. मनूने अठरा व्यवहारपदांत ते दुसऱ्या क्रमांकास घातले आहे. सोन्याचा दागिना कोणी ठेव म्हणून दिला असता तर आम्ही तो उशाशी घेऊन निजलो असतो. नातवाने जीव ठेवावयास दिले, तर त्यांस हात लावणे आम्हांस विटाळाचे वाटले!

आमच्या कुटुंबास हे सांगितले. ती खोपटाशी आली, डब्यात पाहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फरशी मीच ठेवली." आम्ही म्हणालो, "फ्रीजमधून डबा आम्ही काढविला." दोघांनी मिळून बागेच्या कोपऱ्यात खड्डा खणला. आम्ही माती उकरताच रॉबिन हातभर अंतरावर येऊन उभा राहिला. त्यास त्यांतील एक द्यावी असे मनात आले. पण मेलेल्या आणि रंग बदललेल्या अळ्या पक्ष्यांस कदापि देऊ नयेत, त्यांपासून रोग होतो, असे नातवाने बजावले होते. खड्डा बुजविला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकटेच मैलभर चालत पाळीव प्राण्यांच्या दुकानी गेलो. धोतर, कोट आणि डोक्यावर टोपी अशा वेषातील म्हाताऱ्याने जिवंत अळ्या मागितल्या याचे दुकानातील मुलीस काहीच नवल वाटले नाही. तिने डबा हाती दिला आणि ठेवण्याची रीत सांगितली. घरी आल्यावर आम्ही बशी धुऊन पुसली, आणि प्रथमच या बोटांनी एक अळी उचलली. ती कोरडी होती, थोडी कडक होती, आणि तिचे बारीक पाय बोटास जाणवत होते. ओंगळ असे तीत काही नव्हते. दहा मोजून ठेवल्या. रॉबिन आला. त्याची पिले आमच्यावाचून उपाशी नव्हती; चार दिवस ती जोडी पाने उलथून आपले पोट भरीतच होती. त्याने आमच्यावर उपकार केला तो इतकाच की तो पुन्हा आला.

नातू परत आल्यावर त्यास सर्व खरे सांगितले. त्याचे डोळे भरले. पण तो रागावला नाही. "आजोबा, काकडी नाही चालत. तिला फार पाणी सुटतं," एवढेच म्हणाला. अपराध्यास कारण समजावून सांगणारा असा मास्तर आम्हांस आयुष्यात क्वचित भेटला.

पुढचे अडीच महिने तो डबा आमच्या ताब्यात होता. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. आपल्याकडेही मासे किंवा परदेशी पाखरे पाळणाऱ्यांकडे या अळ्या येऊ लागल्या आहेत. भांडे पसरट आणि आतून गुळगुळीत असावे, म्हणजे अळ्या चढून बाहेर येत नाहीत. झाकणास भोके हवीतच. तळाशी दोन-तीन बोटे गव्हाचा कोरडा कोंडा किंवा ओट घालावेत. तेच त्यांचे अन्न आणि तेच अंथरूण. पाणी मुळीच ठेवू नये. गाजराच्या किंवा बटाट्याच्या पातळ चकतीतून त्यांस लागेल तेवढी ओल मिळते, आणि ती चकती बुरशी येण्यापूर्वी काढावी. सात ते दहा अंश उष्णतेत त्या जणू झोपी जातात व कित्येक आठवडे तशाच राहतात; म्हणूनच फ्रीजची योजना. आठवड्यातून एकदा डबा बाहेर काढून दिवसभर उबेत ठेवावा, त्यांस खाऊ द्यावे आणि मग पुन्हा आत ठेवावा. त्यांच्याहून मोठी 'सुपरवर्म' नावाची जात असते, तिला मात्र गारवा सोसत नाही. मेलेल्या रोज निवडाव्यात. तळाशी वाळूसारखी बारीक विष्ठा साठते, ती चाळून काढावी. हात साबणाने धुवावेत, आणि घरच्या धान्याजवळ डबा कधीही ठेवू नये.

पाखरांस देतानाही प्रमाण राखावे. या अळीत प्रथिने आणि चरबी पुष्कळ, परंतु कॅल्शियम अल्प आणि फॉस्फरस अधिक. तेव्हा केवळ हिच्यावर कोणत्याही पिलाची हाडे बळकट होत नाहीत. वाळविलेल्या अळ्या मिळतात, त्या विणीच्या दिवसांत भिजवूनच द्याव्यात, कारण घरट्यातील पिलांस पाणी अन्नातूनच मिळते. आणि आपल्या रानातील पक्षी पिंजऱ्यात घालण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे, हे विसरू नये. अंगणात दयाळ किंवा बुलबुल यावा असे वाटत असेल तर झाडांवर विषारी फवारे मारू नयेत. पाखरू आपले अन्न आपणच शोधील.

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही परत आलो. पितृपक्षात काकबळी ठेवताना यंदा मनात निराळेच विचार आले. गृहस्थाच्या घरी चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचे भांडे अशी हिंसेची पाच ठिकाणे, म्हणजे पंचसूना, शास्त्रकारांनी मानली आहेत, आणि त्यांच्या दोषातून सुटण्यासाठी पंचमहायज्ञ सांगितले आहेत. भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांस अन्न देणे, हा त्यांतलाच. आपले घर निष्पाप आहे असे त्या ऋषींनी कधी म्हटले नाही. हात स्वच्छ असल्याची प्रौढी न मिरविता, ज्याचा भार आपल्यावर आहे त्याची काळजी रोज घ्या, असेच त्यांस सांगावयाचे असावे. घास ज्याचा होणार आहे तो जीवही, आपल्या घरी आहे तोवर, आपल्या भाराखाली आहे.

गेल्या रविवारी लेकीचा दूरध्वनी आला. प्रकृती, हवापाणी, नातवाची परीक्षा, सर्व विचारून झाले. आमच्या कुटुंबाने यंत्र खाली ठेवण्यापूर्वी पुन्हा कानास लावले आणि म्हणाली, "अगं, बाहेर थंडी पडली असेल. तो डबा खोपटात नाही ना? फ्रीजमध्येच ठेव हो. आणि गाजर घातलंस का त्यांना?"